उतारा लहान करताना



केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत इंग्रजीचा एक सक्तीचा पेपर असतो, ३०० गुणांचा. हे गुण अंतिम यादीत धरत नाहीत. पण किमान २५ टक्के मिळाले नाहीत, तर उमेदवाराचे बाकीचे पेपर विचारात घेतले जात नाहीत. या पेपरातले ७५ गुण एकाच प्रश्नाला असतात. एक लांब उतारा देतात आणि तो आपल्या शब्दांत, सुमारे एक तृतीयांश लांबीत लिहायला सांगतात. शीर्षक द्यायचं नसतं. विद्यार्थी याला ‘प्रेसी’ म्हणतात. मराठी माध्यमातून आलेली बरीच मुलं ही प्रेसी शेवटच्या महिन्यात उरकतात. दोन-चार नमुने पाहायचे, शब्द मोजायचे, झालं. मला वाटतं, हे त्या सरावाचं मोठं नुकसान आहे. परीक्षा द्यायची असो वा नसो, नेटकं इंग्रजी लिहायला शिकण्यासाठी याहून चांगला आणि याहून स्वस्त सराव मला तरी माहीत नाही.

मराठी शाळेत आपण भाषा वाढवायला शिकतो. एक सुविचार घ्यायचा आणि त्यावर कल्पनाविस्तार करायचा. मराठीत ते जमतं, कारण शब्द आपोआप धावून येतात. तोच मुलगा किंवा तीच मुलगी इंग्रजी निबंध लिहायला बसली, की डोक्यावर दोन ओझी येतात. काय म्हणायचं ते शोधायचं आणि कसं म्हणायचं तेही शोधायचं. दोन्ही एकदम पेलत नाहीत. मग गाइडातला निबंध पाठ होतो, आणि पाठ केलेल्या इंग्रजीत लिहिणाऱ्याचं स्वतःचं एकही वाक्य नसतं. उतारा लहान करताना यातलं पहिलं ओझं उतरतं. म्हणणं दुसऱ्याचं आहे, ते समोर छापलेलं आहे. आपली सगळी ताकद वाक्यावर लावता येते.

या वाटेने स्वतःला घडवलेला एक मुलगा सुमारे तीनशे वर्षांपूर्वी बोस्टनमध्ये होता. बेंजामिन फ्रँकलिन. जन्म १७०६ चा. वडील साबण आणि मेणबत्त्या बनवायचे. जेमतेम दोन वर्षं शाळा झाली, दहाव्या वर्षी ती सुटली, आणि बाराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. एकदा वडिलांनी त्याचं लेखन वाचलं आणि सांगितलं, की तुझं शुद्धलेखन आणि विरामचिन्हं चांगली आहेत, पण डौल, मांडणी आणि स्पष्टता यांत तू कमी पडतोस. मुलाने ते मनावर घेतलं. त्याच सुमारास लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हाती लागला. ॲडिसन आणि स्टील या दोघांनी १७११ मध्ये ते सुरू केलं होतं. फ्रँकलिनला त्यातलं गद्य इतकं आवडलं, की तसं लिहायला शिकायचंच असं त्याने ठरवलं.

त्याने काय केलं ते त्याने आत्मचरित्रात सविस्तर सांगितलं आहे. एक निबंध घ्यायचा. त्यातल्या प्रत्येक वाक्याचा आशय दोन-चार शब्दांत टिपून ठेवायचा. मग ती टिपणं काही दिवस बाजूला ठेवायची. नंतर पुस्तक न उघडता, नुसत्या टिपणांवरून सबंध निबंध पुन्हा लिहायचा. शेवटी मूळ निबंध काढून शेजारी ठेवायचा आणि चुका शोधायच्या. कधी तो टिपणांची सरमिसळ करून ठेवायचा आणि काही आठवड्यांनी त्यांचा योग्य क्रम लावायला बसायचा. विचारांची मांडणी त्यातून शिकता येते असं त्याला दिसलं. हे सगळं रात्री काम संपल्यावर, सकाळी काम सुरू होण्याआधी आणि रविवारी. एखाद्या बारीकशा ठिकाणी आपलं वाक्य मूळ वाक्यापेक्षा सरस झालं आहे असं वाटलं, की त्याला फार आनंद व्हायचा. पुढे १७२२ मध्ये, सोळा वर्षांचा असताना, एका विधवेच्या नावाने त्याने चौदा पत्रं लिहिली आणि भावाच्या वृत्तपत्रासाठी छापखान्याच्या दाराखालून गुपचूप आत सरकवली. ती छापली गेली, आणि लिहिणारा घरातलाच पोरगा आहे असं कुणाला वाटलं नाही.

फ्रँकलिनकडून घ्यायचं ते मुख्यतः हे, की मूळ लेखन मिटून ठेवायचं. प्रेसी लिहिताना बहुतेक जण उतारा समोर ठेवतात आणि वाक्यामागून वाक्य छाटत जातात. त्याने शब्द कमी होतात, इंग्रजी शिकणं होत नाही, कारण उरलेली वाक्यंही लेखकाचीच असतात. उतारा दोनदा-तीनदा वाचा. कागद पालथा घाला. लेखक काय म्हणाला ते स्वतःला मराठीत सांगा, अगदी मोठ्याने सांगा. जिथे अडखळाल तिथे तुम्हाला उतारा समजलेला नाही. तिथे परत जा. आणि मगच इंग्रजीत लिहायला घ्या.

आता एक वाक्य ऐका. कार्यालयीन पत्रांत अशी वाक्यं ढिगाने भेटतात. ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट देअर वॉज अ हेवी रेनफॉल इन द एरिया, अ डिसिजन वॉज टेकन बाय द स्कूल ऑथॉरिटीज टु द इफेक्ट दॅट द स्कूल शुड रिमेन क्लोज्ड.’ तीस शब्द झाले. म्हणायचं एवढंच, की ‘द स्कूल वॉज क्लोज्ड बिकॉज ऑफ हेवी रेन.’ आठ शब्द. लांब वाक्य फुगलं कशाने? ‘बिकॉज’च्या जागी ‘ड्यू टु द फॅक्ट दॅट’ आलं, आणि ‘डिसायडेड’च्या जागी ‘अ डिसिजन वॉज टेकन’. ही दुसरी सवय आपण मराठी लोकांनी खास लक्षात ठेवावी. निर्णय घेतला, चौकशी केली, मदत केली, चर्चा केली अशी नाम आणि क्रियापदाची जोडी मराठीला शोभते. ती जशीच्या तशी इंग्रजीत नेली, की ‘मेड ॲन इन्क्वायरी’, ‘गेव्ह असिस्टन्स’, ‘हेल्ड अ डिस्कशन’ अशी रांग लागते. ‘आस्क्ड’, ‘हेल्प्ड’, ‘डिस्कस्ड’ ही एकेकटी क्रियापदं तेच काम करतात. लिहून झाल्यावर प्रेसीतली प्रत्येक ‘मेड’, ‘गेव्ह’, ‘टुक’ शोधा आणि तिच्या पुढच्या नामात क्रियापद लपलं आहे का ते पाहा.

पण त्याच उदाहरणात थोडं थांबायला हवं. आठ शब्दांच्या वाक्यातून शाळेचे अधिकारी गेले. उतारा पावसाबद्दल असेल तर हरकत नाही. शाळा बंद ठेवण्याचा अधिकार कुणाचा, या वादाबद्दल असेल, तर तेच शब्द सगळ्यात महत्त्वाचे होते. अनावश्यक शब्द कोणता हे वाक्य सांगत नाही, सबंध उतारा सांगतो.

फुगलेल्या इंग्रजीवर खुद्द इंग्रजांनाही उपाय शोधावे लागले. ९ ऑगस्ट १९४० रोजी, ब्रिटनवर जर्मन विमानांचे हल्ले चालू असताना, पंतप्रधान चर्चिल यांनी सहकाऱ्यांसाठी एका पानाचं टिपण काढलं. विषय एकच: थोडक्यात लिहा. मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्या, आकडेवारी परिशिष्टात टाका, ठोकळेबाज सरकारी शब्दसमूह गाळा. पुढे सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश अर्थखात्याच्या सांगण्यावरून सरकारी नोकरांसाठी ‘प्लेन वर्ड्स’ हे पुस्तक लिहिलं. ते १९४८ मध्ये आलं. आपल्या कचेऱ्यांनी मात्र त्या आधीचं पल्लेदार इंग्रजी अजून जपून ठेवलं आहे, आणि नोकरीला लागलेली तरुण मुलं तेच खरं इंग्रजी समजून गिरवतात. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

थोडक्यात लिहा म्हटलं, की काहींना तार आठवते. ‘फादर सीरियस स्टार्ट इमिजिएटली.’ तारखात्याची ती सेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ते इंग्रजी मोबाइलवरच्या संदेशांत जिवंत आहे. प्रेसी म्हणजे तार नव्हे. ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ गाळून शब्द वाचवायचे नाहीत. वाक्य पूर्ण हवं, एका वाक्याचा हात दुसऱ्याला लागलेला हवा, आणि ज्याने मूळ उतारा पाहिलेलाच नाही त्याला ते सरळ वाचता आलं पाहिजे.

आता या सरावातली सगळ्यात अवघड गोष्ट. इंग्रजीत काही अगदी लहान शब्द असतात: ‘सम’, ‘मे’, ‘ओन्ली’, ‘ऑफन’. शब्द कमी करायला बसलं, की पहिली कुऱ्हाड त्यांच्यावर पडते, कारण ते काढले तरी व्याकरण मोडत नाही. मोडतो तो अर्थ. ‘सम डॉक्टर्स बिलीव्ह’चं ‘डॉक्टर्स से’ झालं, की लेखकाने सावधपणे मांडलेली गोष्ट ठाम होऊन बसते.

यासाठी मी विद्यार्थ्यांना एक भाषण सुचवते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेलं. ते मुळात इंग्रजीत आहे, आणि लहान करण्याच्या सरावासाठी इतकं चांगलं गद्य क्वचित मिळतं, कारण त्यातला प्रत्येक विचार अटींसह मांडलेला आहे. लोकशाही टिकवायची तर काय करावं लागेल, हे ते तीन मुद्द्यांत सांगतात. दुसरा मुद्दा विभूतिपूजेचा. धर्मातली भक्ती आत्म्याच्या मुक्तीचा मार्ग असू शकेल, पण राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, असा त्याचा आशय. घाईने हे एका ओळीत लिहायचं झालं, तर ‘आंबेडकर अपोज्ड भक्ती’ असं सहज उतरतं. तीन शब्द, व्याकरण शुद्ध, आणि म्हणणं पार बदललेलं. ‘इन पॉलिटिक्स’ हे दोन शब्द गेले आणि त्यांच्याबरोबर सगळा युक्तिवाद गेला.

पहिला मुद्दा याहून कसोटीचा आहे. सामाजिक आणि आर्थिक उद्दिष्टांसाठी आपण घटनात्मक मार्गच धरला पाहिजे. रक्तरंजित क्रांतीचा मार्ग सोडला पाहिजे, आणि कायदेभंग, असहकार, सत्याग्रह हेही सोडले पाहिजेत, असं ते म्हणतात. एवढंच घेऊन कुणी लिहिलं, की आंबेडकरांना सत्याग्रह मान्य नव्हता, तर १९२७ चा महाडचा आणि १९३० चा काळाराम मंदिराचा सत्याग्रह ज्यांनी उभा केला, त्यांच्या तोंडी भलतंच वाक्य घातलं जाईल. पुढचंच वाक्य वाचा. घटनात्मक मार्ग जेव्हा खुलाच नव्हता, तेव्हा त्या इतर मार्गांचं पुष्कळ समर्थन करता येत होतं. तो खुला झाल्यावर ते करता येत नाही. ही अट आहे. ती प्रेसीत आलीच पाहिजे, मग उदाहरणं जावोत, पुनरुक्ती जावो, विशेषणं जावोत. इंग्रजीत ती ‘नाउ दॅट’ एवढ्या दोन शब्दांत बसते: ‘नाउ दॅट कॉन्स्टिट्यूशनल मेथड्स आर ओपन’. हे दोन शब्द सापडेपर्यंत कागदावर जी झटापट होते, तिच्यातून इंग्रजी अंगात मुरतं.

म्हणून शब्दमर्यादेच्या धाकापेक्षा मी या जबाबदारीवर भर देते. दुसऱ्याचं म्हणणं लहान करून सांगताना आपण त्याच्या वतीने बोलत असतो, आणि तो तिथे दुरुस्ती करायला हजर नसतो. बातमी लिहिणारा, सभेचा वृत्तान्त लिहिणारा, साहेबासाठी फाइलवर टिपण तयार करणारा कारकून, सगळे हेच करतात. अनेकदा वाचणारा मूळ कागद उघडतच नाही. टिपणावरच सही होते.

सुरुवात कशी करावी? तीनशे शब्दांचा उतारा घ्या आणि शंभरात बसवा. कथा किंवा कविता घेऊ नका. त्यांचा जीव त्यांच्या शब्दांतच असतो. वृत्तपत्राचा अग्रलेख घ्या, इतिहासाच्या किंवा अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातलं पान घ्या, जिथे कुणीतरी काहीतरी पटवून देत आहे असं पान. आंबेडकरांचं हे भाषण महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी ग्रंथमालेत आहे. मोठ्या ग्रंथालयात मिळेल. काही आठवडे असं केल्यावर एकदा गांधीजींच्या ‘यंग इंडिया’तला एखादा लेख घेऊन पाहा. तो तिसऱ्या हिश्शात बसवताना तुमची दमछाक होईल, कारण तिथे काढण्याजोगं फारसं नसतंच. असं गद्य ओळखता येणं हासुद्धा या सरावाचा मोठा लाभ आहे.

आणि हे एकट्याने करू नका. जोडीला मैत्रीण, मित्र, बहीण, कुणीही घ्या. तिला मूळ उतारा दाखवू नका, फक्त तुमचे शंभर शब्द द्या आणि लेखक काय म्हणतो ते मराठीत विचारा. ती सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. तिने ‘नेहमीच का?’ किंवा ‘हे कुणी केलं?’ असं विचारलं, तर त्या ओळीवर पेन्सिलीने खूण करा, मग दोघी मिळून मूळ उतारा उघडा आणि निसटलेला शब्द शोधून परत आणा, आणि त्याच्यासाठी दुसरीकडचा एक शब्द काढा.