खाडीकाठचा बांध आणि ग्रामसभेचा ठराव



रायगड जिल्ह्यातील अलिबाग व पेण तालुक्यांच्या खारेपाटात बरीचशी भातशेती भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे. नवख्या माणसाला हे सांगून पटत नाही. भरतीच्या वेळी बांधावर उभे राहून एका बाजूला खाडीचे पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून सखल शेत पाहिले, म्हणजे पटते. मधला मातीचा बांध हाच तेथील शेतीचा आणि घरांचाही आधार होय. बांधात ठिकठिकाणी उघाड्या बसविलेल्या असतात. ओहोटीला शेतातील पावसाचे पाणी उघाडीची झडप ढकलून बाहेर पडते. भरती आली की खाडीचेच पाणी ती झडप दाबून बंद करते. या यंत्रणेला वीज लागत नाही, माणूसही उभा करावा लागत नाही. मात्र झडपेत लाकडाचा ओंडका अडकला आहे काय, खेकड्यांनी बांध पोखरला आहे काय, हे पाहणारा कोणी तरी असावा लागतो.

अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात एखाद्या बिळातून पाणी झिरपू लागले, तर ते त्याच ओहोटीत बुजवावे लागते. राहिले तर पुढच्या भरतीला तेथे खांड पडते आणि दोन-चार दिवसांत ती इतकी रुंदावते की टोपलीभर मातीचे काम यंत्राच्या कामावर जाते. खारे पाणी एकदा शेतात शिरले की ते वर्ष तर जातेच; शिवाय जमिनीतील क्षार धुऊन निघण्यास बांध दुरुस्त झाल्यानंतरही दोन-तीन पावसाळे जावे लागतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने 'पनवेल' नावाच्या क्षारसहनशील भातजाती दिल्या, त्यांचा उपयोग मोठा आहे. परंतु रोज दोनदा भरतीचे पाणी खेळणाऱ्या शेतात कोणतेही भात येत नाही.

पूर्वी हा बांध कोण राखीत असे? खोतीच्या काळात खोताची जबाबदारी आणि कुळांचे श्रम, अशी व्यवस्था होती. ती न्याय्य नव्हती. याच खारेपाटातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ असा संप केला आणि जमिनी पडीक ठेवून उपासमार सोसली. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, कूळकायद्याने कसणारा मालक झाला. ज्या जमिनीसाठी इतके सोसले, तिचा बांध मात्र हळूहळू कोणाचाच राहिला नाही. १९४८ चा खारजमिनींचा कायदा आणि त्यानंतर १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास अधिनियम यांनी बांधांच्या कामास शासनाचा पैसा व अभियंता मिळवून दिला, हा मोठाच लाभ झाला. त्याबरोबर 'बांध सरकारी आहे, सरकार पाहील' ही भावनाही गावात रुजली. खाते पाहते, पण अंदाजपत्रक, मंजुरी आणि निविदा यांना जो वेळ लागतो, तेवढा वेळ उधाण देत नाही. दोष एकट्या खात्याचा नव्हे आणि एकट्या गावाचाही नव्हे. खेकड्याचे बीळ ही गावाने पाहण्याची गोष्ट आहे, उघाडीचे बांधकाम खात्याने करण्याची, आणि ही वाटणी ठरावात स्पष्ट लिहिलेली क्वचितच आढळते.

खांड दीर्घकाळ तशीच राहिली, तर शेतात तिवर उगवतात. येथे प्रश्न निराळे वळण घेतो. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये कांदळवनांच्या तोडीस व त्यावर भराव घालण्यास मनाई केली आणि १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने, जमीन कोणाच्याही मालकीची असली तरी कांदळवनास व त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यास संरक्षण असल्याचे निश्चित केले. सातबारावर नाव आहे, भाताची नोंद आहे, आणि उभे आहे ते कांदळवन, असा शेतकरी मग कार्यालयांच्या पायऱ्या झिजवीत राहतो. यात कांदळवनाला शत्रू मानणे चुकीचे ठरेल. लाटांचा मार बांधापर्यंत पोहोचण्याआधी तिवरांची दाट पट्टीच तो झेलते. माशांची व कोळंबीची पिल्ले तिच्याच आश्रयाने वाढतात. महाराष्ट्र शासनाने २०२० मध्ये पांढरी चिप्पी हा राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून घोषित केला, तो उगीच नव्हे. बांधाबाहेर तिवर आणि बांधाआत भात हीच योग्य मांडणी होय. ती बिघडल्यावर पूर्ववत करणे कायद्याने व निसर्गाने दोन्हीकडून अवघड आहे. बिघडू न देणे तुलनेने स्वस्त आहे.

आता घरांकडे वळू. खारेपाटातील गावठाणे उंचवट्यावर, घरांस घरे लागून वसलेली आहेत. दाराशी तळे, तळ्यात जिताडा, अशी जुनी रीत. कुटुंब वाढले की घर सरकते ते सखल जागेकडे, बांधाच्या पायथ्याकडे. समुद्रकाठच्या कोळीवाड्यात ते पुळणीकडे सरकते. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खालील परवानगीचा अर्ज येतो तेव्हा अर्जदार हा सदस्यांचा शेजारी असतो, भाऊबंद असतो, आणि त्याची अडचण खरी असते. म्हणून परवानगी देण्याकडे, किंवा न देता डोळेझाक करून नमुना ८ वर कर लावण्याकडे, कल होतो. या दुसऱ्या प्रकाराने घराचे भले होत नाही. नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा किंवा अधिकृत बांधकामाचा दाखला नव्हे. वादळानंतर मदतीची यादी होते किंवा घरकुलाचा प्रस्ताव जातो, त्या दिवशी हे त्या कुटुंबाला कळते.

किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे बांधकाम तिने थांबविले. पूर्वीच्या अधिकृत घरांच्या दुरुस्तीस वाव ठेवला. २०११ च्या अधिसूचनेने १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमार व पारंपरिक किनारी समाजाच्या राहत्या घरांचा विचार केला. २०१९ च्या अधिसूचनेने २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा अधिक लोकवस्ती असलेल्या ग्रामीण भागासाठी हा पट्टा ५० मीटरवर आणला. विरळ वस्तीसाठी २०० मीटरच ठेवला. नवी सवलत सर्वत्र आपोआप लागू होते, हा समज मात्र बाळगू नये. तिला नव्या अधिसूचनेनुसार मंजूर झालेला किनारा व्यवस्थापन आराखडा लागतो. असा आराखडा मसुदा असतानाच लोकांच्या हरकती मागविल्या जातात. कोळीवाड्याची हद्द, मासळी वाळविण्याची जागा, होड्या ओढण्याची वाट, गावाची स्मशानभूमी नकाशावर आली आहे काय, हे त्या वेळी पाहावयाचे असते. त्या मुदतीत गावाचा ठराव पोहोचला नाही, तर पुढे अनेक वर्षे त्याच नकाशावर घरांचे भवितव्य ठरते. शाळेतील शिक्षकांनी भूगोलाच्या तासाला मुलांकडून किनाऱ्याची अशी नोंद करवून घेतली, तर पंचायतीला तिचा उपयोग फार होईल.

समुद्राची धूप रोखणाऱ्या दगडी बंधाऱ्याबद्दलही थोडे बोलणे अगत्याचे आहे, कारण सर्वांत उत्साहाने मंजूर होणारा ठराव तोच असतो. घराच्या ओटीपर्यंत लाट येऊ लागल्यावर बंधाऱ्यावाचून गत्यंतर नसते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु लाट भिंतीवर आपटून मागे फिरते तेव्हा पायथ्याची वाळू नेते, आणि किनाऱ्याने सरकणाऱ्या वाळूचा पुरवठा तुटला की भिंत संपते तेथून पुढच्या गावाची धूप वाढते. पुळण गेली की होडी ओढावयास जागा उरत नाही, मासळी वाळविण्यास उरत नाही. एका गावाच्या बंधाऱ्याच्या ठरावाची प्रत शेजारच्या गावाला देण्याची पद्धत असावी, असे कोणी सुचविले तर त्यात हसण्यासारखे काही नाही.

पुळण राखली तर तिच्यातून उत्पन्नही होते, हे मंडणगड तालुक्यातील वेळासने दाखविले. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून तेथे समुद्री कासवांच्या अंड्यांचे संरक्षण सुरू केले. गावकरी पहाटे पुळणीवर फिरून घरटी शोधू लागले, अंडी कुंपणात सुरक्षित ठेवू लागले, आणि पिल्ले समुद्रात जाताना पाहण्यास येणारे पाहुणे गावातील घरांतच राहू लागले. पाहुण्यांसाठी किनाऱ्यावर इमारत उभी राहिली नाही. जुन्या घरातली पडवी पुरली. २०१९ च्या अधिसूचनेतही स्थानिकांनी आपल्या घराचे जोते व स्वरूप न बदलता पाहुणे ठेवण्यास वाव आहे.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर आले. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. पोफळ पुन्हा लावली तरी सुपारी हाती येण्यास कित्येक वर्षे जातात. कोकणातील वाडी गुंठ्यांची, आणि नुकसानीचा हिशेब हेक्टरचा. त्यामुळे प्रारंभी पदरात पडणारी रक्कम नगण्य होती. लोकांनी आणि पंचायतींनी हे मांडल्यावर झाडांच्या संख्येनुसार मदतीचा निकष आला. गावाची प्रत्यक्ष स्थिती कागदावर नीट गेली, तर नियमही बदलतो.

ग्रामसभा वर्षातून किमान चार घ्याव्या लागतात. १५ ऑगस्टच्या सभेत बांधाची खांड हा विषय हटकून निघतो, कारण त्या सुमारास उधाणाचे पाणी शेतात असते. पण तेव्हा चिखलात माती बसत नाही आणि ठराव दिवाळीपर्यंत पडून राहतो. माती कोरडी असते ती १ मेच्या सभेच्या वेळी, आणि पुढे पावसाळ्यास महिनाभर अवधी असतो. मात्र त्या कामाचा पैसा पंचायतीच्या विकास आराखड्यात आधीच धरलेला हवा, आणि त्या आराखड्याची तयारी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. त्या दिवसांत भात निसवलेले असते. बांधालगतच्या ज्या खाचरांत लोंब्या पोचट राहिल्या आणि पाती टोकाला करपली, तेथेच बांध झिरपत आहे. सभेच्या आदल्या दिवशी सदस्यांनी, तलाठ्याने आणि खारभूमी खात्याच्या कर्मचाऱ्याने मिळून बांधावरून एक फेरी मारली, तर ती जागा नावानिशी ठरावात लिहिता येते.