ॲमहर्स्ट की बेरिया?

(एका बुद्धविहारात भरलेल्या पालकसभेत दिलेले भाषण)



मी आज शिक्षणाच्या महतीवर बोलावे, अशी चालकांची इच्छा होती. परंतु ती महती आपणांस ठाऊक नाही असे धरून बोलणे म्हणजे आपला उपमर्द करणे होय. दीक्षा घेतल्यावर ज्या घरात आधी वह्या-पुस्तके आली, त्या घराला हा उपदेश कशास हवा? आपली अडचण निराळी आहे. ती निवडीची आहे. आजोबांनी शाळा पाहिली नाही, वडील मॅट्रिकपाशी थांबले. अशा घरातील मुलीपुढे दोन महाविद्यालयांची पत्रे येऊन पडली, तर तिने विचारावयाचे कोणाला?

गेल्या पंधरवड्यात अशीच एक मुलगी आईला घेऊन माझ्याकडे आली. तिच्या हाती अमेरिकेतील दोन पत्रे होती. एक मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट महाविद्यालयाचे, दुसरे केंटकी राज्यातील बेरिया महाविद्यालयाचे. तिला पुढे कायदा शिकावयाचा आहे. आईला एवढेच हवे होते की, "गुरुजी, कुठं धाडू ते सांगा." ते सांगण्यापूर्वी मला जे शोधावे लागले तेच आपणांपुढे ठेवतो.

ही दोन्ही महाविद्यालये लहान आहेत. ॲमहर्स्टमध्ये सुमारे १,९०० विद्यार्थी, बेरियात सुमारे १,५००. येथे डॉक्टरी वा वकिलीची पदवी मिळत नाही. चार वर्षांत विद्यार्थी एका विषयात खोल जातो, पण इतिहास वाचणाऱ्याने गणित करावे, जीवशास्त्र शिकणाऱ्याने तत्त्वज्ञानाशी झटावे, अशी ही उदार शिक्षणाची रीत आहे. वरच्या पदव्यांचे विद्यार्थी नसल्यामुळे प्राध्यापक स्वतः वर्ग घेतात. वर्गात पंधरा-वीस मुले असली की कोणालाही मागच्या बाकावर दडून राहता येत नाही. निबंध लिहावा लागतो, त्यावर बोलावे लागते, चुकले तर उभे राहून सांगावे लागते. मागचा बाक, आणि कित्येकदा वर्गाबाहेरची पायरी, ही आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या नेमून दिलेली जागा होती. म्हणून मला या रीतीचे मोल अधिक वाटते.

आता दोहोंचा पूर्वेतिहास पाहा. ॲमहर्स्ट १८२१ साली निघाले. ते श्रीमंतांचे म्हणून ओळखले जाते, व ती ओळख खोटी नाही. तरी तेथूनच १९१५ साली चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन हा काळा तरुण पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे तो कायदेपंडित झाला, हॉवर्ड विद्यापीठात त्याने थर्गुड मार्शल यांच्यासारखे शिष्य घडविले, आणि शाळांतील वर्णभेद न्यायालयात कसा मोडावा याची आखणी त्यानेच केली. तो निकाल १९५४ साली लागला. ह्यूस्टन १९५० सालीच वारला होता. त्याच १९१५ साली बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात एम.ए. झाले, हे आपणांस सांगितल्यावाचून माझ्याने राहवत नाही.

बेरियाची कथा अधिक कठीण आहे. जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने १८५५ साली गुलाम बाळगणाऱ्या प्रांतातच ही शाळा काढली. १८५९ साली सशस्त्र जमावाने त्याला व त्याच्या सहकाऱ्यांना गाव सोडावयास लावले. युद्धानंतर ते परतले, आणि १८६६-६७ साली तेथे १८७ विद्यार्थी होते: ९६ काळे, ९१ गोरे. हे एकत्र बसणे केंटकीच्या विधिमंडळाला सहन झाले नाही. १९०४ साली त्याने कायदा करून काळ्या-गोऱ्यांचे एकत्र शिक्षण बंद केले. महाविद्यालय सर्वोच्च न्यायालयात गेले व १९०८ साली हरले. १९५० साली तो कायदा बदलल्यावर काळ्या विद्यार्थ्यांना ते दार पुन्हा उघडले. जे आपल्याकडे रूढीने केले ते तेथे कायद्याने केले, एवढाच फरक.

इतिहास पाहून मन वळते हे खरे, पण मुलीचे जेवणखाण इतिहासावर चालत नाही. तेव्हा पैशाकडे येऊ.

केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती या दोन्ही पदव्युत्तर शिक्षणासाठी आहेत. बारावीनंतरच्या पहिल्या पदवीस त्यांचा उपयोग नाही. म्हणजे सारा भार महाविद्यालयाच्या साहाय्यावर. ॲमहर्स्टचा वर्षाचा खर्च ८०,००० डॉलरांच्या वर आहे. हा आकडा ऐकून आईने पत्र घडी करून पिशवीत ठेवले होते. मी ते पुन्हा बाहेर काढावयास लावले. कारण ॲमहर्स्ट परदेशी विद्यार्थ्याच्याही कुटुंबाची ऐपत पाहते, आणि ऐपतीपलीकडचा खर्च कर्ज न देता अनुदानाने भरून काढते. बेरिया १८९२ पासून शिकवणीची फी घेतच नाही, व प्रवेश देते तो गरजवंतांनाच. परदेशी विद्यार्थ्याचा पहिल्या वर्षाचा खर्च ते उचलते. पुढील वर्षी मात्र विद्यार्थ्याने आपल्या कमाईतून सुमारे हजार डॉलर वाचवून भरावेत अशी अपेक्षा असते. श्रीमंत दिसणारे महाविद्यालय आपणांस परवडणार नाही असे धरून चालणे ही चूक आपल्या घरांत फार होते.

साहाय्य किती, याइतकाच ते किती वर्षे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. ती मुदत संपली म्हणून १९१७ साली त्यांना लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुन्हा जाता आले ते १९२० साली. माझ्या नात्यातील एका मुलाला परदेशी महाविद्यालयाने एकाच वर्षाचे साहाय्य दिले होते. पत्रात तसे लिहिले होते, आम्ही ते नीट वाचले नव्हते. दुसऱ्या वर्षी तो परत आला.

आता ज्या गोष्टीपाशी ती माउली अडली ती सांगतो. बेरियात प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यास किमान १० तास काम करावे लागते, आणि पहिल्या वर्षीचे काम महाविद्यालय नेमून देते. कोणी ग्रंथालयात, कोणी शेतावर, कोणी मागावर. १९२० पासून तेथील विद्यार्थी झाडूही बांधतात, व ते झाडू नावाजलेले आहेत. मुलीने हे वाचून दाखविले तशी आई म्हणाली, "गुरुजी, माझ्या सासूनं गावात झाडलं, मी शहरात येऊन झाडलं. आता पोरगी सात समुद्र ओलांडून झाडूच बांधणार काय?"

मला तत्काळ उत्तर सुचले नाही. पुढे मी जे म्हणालो ते असे: तेथे झाडू जन्मावरून हाती येत नाही. काम सर्वांनाच आहे, त्याचे वेतन आहे, आणि गुणपत्रकाप्रमाणे त्या कामाचीही स्वतंत्र नोंद पदवीबरोबर मिळते. काम करणारा तेथे हलका ठरत नाही. हे सर्व खरे आहे. तरीही त्या बाईंची शंका मी अडाण्याची शंका म्हणून झटकून टाकणार नाही. ज्या हातांवर ते काम लादले गेले, त्या हातांना ते गौरवाचे वाटावे असा आग्रह धरण्याचा अधिकार मला नाही.

दुसरी शंका धर्माची. बेरिया ख्रिस्ती निष्ठेवर उभे आहे, पण कोणत्याही एका पंथाचे नाही, व इतर धर्मांच्या विद्यार्थ्यांनाही तेथे जागा आहे. बौद्ध विचाराने प्रभावित झालेल्या काळ्या लेखिका बेल हुक्स २००४ पासून तेथे शिकवीत होत्या व २०२१ साली बेरियातच वारल्या. पंचशील पाळणाऱ्या मुलीने तेथे जाण्यास भिण्याचे कारण मला दिसत नाही.

माझे मत विचाराल तर या मुलीसाठी ॲमहर्स्ट. तिला कायद्याकडे जावयाचे आहे, साहाय्य पुढील वर्षांत आटणारे नाही, आणि विषयांची निवड तेथे जवळजवळ सर्वस्वी विद्यार्थ्याच्या हाती असते. परंतु एक उणीव लपवीत नाही. तेथे तिच्या शेजारी अतिश्रीमंतांची मुले बसतील. सुटीत ती फिरावयास जातील, ही वसतिगृहात राहील. बेरियात सगळेच बेताच्या घरचे. हा एकटेपणा किती जड जाईल ते मला येथे बसून सांगता येणार नाही. ते तिचे तिनेच जोखावयाचे आहे. मुलगी बुजरी असती तर मी बेरियाच म्हणालो असतो.

विमानाचे भाडे, आजारपणाचा विमा आणि उन्हाळ्याच्या सुटीतील राहण्या-जेवण्याचा खर्च, हे तिन्ही कोण भरणार ते दोन्ही ठिकाणांहून लेखी मागवा, असे मी तिला सांगितले. तिने परवा दोन्हीकडे पत्रे धाडली. खाली तिने स्वतःचा एक प्रश्न जोडला आहे: पहिल्या वर्षी नेमून दिलेले काम नको असल्यास तसे म्हणता येते काय? बेरियाचे उत्तर अजून यावयाचे आहे.