सातबारा कोणाच्या नावावर?



सकाळच्या परिसंवादात सूर असा निघाला की श्रीमंतांनी मन मोठं करावं, म्हणजे विषमता मिटेल. टाळ्याही पडल्या. माझं भांडण त्या टाळ्यांशी आहे.

मन मोठं करण्याचा प्रयोग या देशात होऊन गेला, आणि तो भूदानाच्या रूपानं विनोबांसारख्या निःस्वार्थ माणसानं केला. 18 एप्रिल 1951 ला पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी शंभर एकर देऊ केले. पुढे दानपत्रांवर 40 लाख एकरांहून अधिक जमीन जमली. त्यातली कितीतरी खडकाळ निघाली, कितीतरी वाटलीच गेली नाही. विनोबांच्या पायपिटीपुढे मी नतमस्तक आहे. पण काय द्यायचं हे देणाराच ठरवणार असेल, तर तो मुरमाड तुकडाच देणार!

आपल्या दिंडोरी तालुक्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड दानाची वाट पाहत बसले नाहीत. 1930 च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात बाबासाहेबांसोबत उभा राहिलेला हा माणूस 1959 ला आणि पुन्हा 1964 ला भूमिहीनांना घेऊन रस्त्यावर उतरला. पडीक सरकारी जमीन कसणाऱ्याच्या नावावर करा, एवढी मागणी. हजारोंनी तुरुंग भरले. नाशिकमध्ये काळारामाचा सत्याग्रह सगळे अभिमानानं सांगतात, जमिनीच्या सत्याग्रहाचा विषय कोणी काढत नाही. देवळाचं दार उघडल्यानं कोणाचा बांध सरकत नाही, म्हणून! बाबासाहेब तर 1947 मध्येच लिहून गेले होते की शेती राज्याच्या मालकीची करा आणि गावानं ती सामुदायिक कसावी. ते आपल्याला आजही पेलत नाही.

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींचं उत्तर वेगळं होतं: शेतमालाला भाव द्या, मजुरी आपोआप वाढेल. 1980 ला खेरवाडीच्या रुळांवर या जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनी त्यासाठी गोळ्या झेलल्या. भावाची मागणी रास्तच. पण निफाडच्या द्राक्षबागेत छाटणीला येणारा पेठ-सुरगाण्याचा मजूर भाव वाढल्यानं बागायतदार होत नाही. जोशींनाही हे घरातल्या बाईपुरतं दिसलं होतं. 1986 च्या चांदवड अधिवेशनानंतर त्यांनी लक्ष्मीमुक्ती मांडली, बायकोच्या नावावर जमीन करा म्हणाले. नुसत्या भावानं भागत असतं, तर ती कशाला लागली असती?

मार्च 2018 मध्ये याच नाशिकमधून आदिवासी शेतकरी पायी मुंबईला निघाले. दहावीच्या मुलांना त्रास नको म्हणून त्यांनी रातोरात मुंबई ओलांडली, आणि आपण त्या समजूतदारपणावर अग्रलेख लिहिले. फुटलेल्या तळव्यांचे फोटो छापले. मागणीपत्र किती जणांनी वाचलं? 2006 चा वनहक्क कायदा चार हेक्टरांपर्यंतचा हक्क मान्य करतो, तोही नवरा-बायको दोघांच्या नावानं. कसतो तेवढी जमीन मोजून द्या, हे सांगायला त्यांना चालावं लागलं.

आजच्या ठरावांच्या यादीत सभागृहाच्या नूतनीकरणाचा ठराव आहे, अभिनंदनाचे आहेत, वनहक्काच्या प्रलंबित दाव्यांचा नाही. तो मी अध्यक्ष म्हणून मांडतो आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी इथे माइकवर यावं आणि कारण सांगावं.