ड्रायर जास्त तापतोय? आधी हवेचा मार्ग तपासा

अमेरिकेतल्या आपल्या अनेक मराठी घरांत कपडे दोरीवर नाही, तर ड्रायरमध्ये वाळतात. हा ड्रायर जास्त तापू लागला, तर बिघाड बहुधा हवेच्या मार्गात असतो. कपड्यांतून सुटलेले तंतू जाळीत आणि नळीत साचतात, गरम दमट हवा बाहेर पडत नाही आणि आतली उष्णता वाढत जाते.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या २००८ ते २०१० च्या अंदाजानुसार घरांत ड्रायरमुळे वर्षाला सुमारे २,९०० आगी लागत. सफाई न करणं हे त्यांचं प्रमुख कारण होतं. त्याचा वाटा ३४ टक्के.

तेव्हा आधी २४० व्होल्टचा प्लग काढा. जाळी धुवा. मागची नळी सोडवून आतून झाडून घ्या. मग नळी आणि प्लग परत जोडा आणि बाहेरच्या भिंतीवरची झडप, ड्रायर चालू असताना, पूर्ण उघडते का ते बघा. नळी प्लास्टिकची किंवा पातळ फॉइलची असेल, तर चार इंची कडक धातूची बसवा.

तरीही तापत असेल, तर थर्मोस्टॅट किंवा हीटिंग कॉइल तपासून घ्या. तुटलेली कॉइल पत्र्याला टेकली, की थर्मोस्टॅट बंद झाल्यावरही तापत राहू शकते. सुरक्षेसाठी बसवलेला थर्मल फ्यूज उडाला, तर त्याला वगळून थेट तार कधीही जोडू नका. तो का उडाला ते शोधा.

जाळी प्रत्येक वेळी साफ करा, नळी वर्षातून एकदा तरी. आणि झोपताना किंवा घराबाहेर पडताना ड्रायर बंदच ठेवा.