रात्री जागणारं माणूस

लिव्हर फार खराब झालेलं माणूस दिवसा झोपतं, रात्री जागतं, उगाच चिडतं, बोलताना अडखळतं. घरात लगेच कुजबुज होते, 'बाहेरची बाधा', नाहीतर 'परत प्यायलाय'. अहो, थेंबभर न घेतलेल्या बाईलाही हे होतं! लिव्हर रक्त साफ करू शकत नाही, ती घाण मेंदूपर्यंत जाते. पोट साफ नसलं की आणखी वाढतं. त्यासाठीच डॉक्टर लॅक्टुलोजचं गोड, चिकट औषध देतात. संडासला जास्त होते म्हणून बाया ते परस्पर बंद करतात. करू नका. दिवसाला २-३ वेळा मऊ व्हायलाच हवी. पाण्यासारखी झाली तर डॉक्टरांना विचारा. डाळ, दही तोडू नका. माणूस ओळख विसरलं, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी संडास झाली, तर उजाडायची वाट न बघता १०८ ला फोन लावा.