शिल्पकर्म आणि शाळेची कर्मशाळा
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



महोत्सवी निधीतून आपल्या शाळेत धातुकामाची छोटी कर्मशाळा उभारावी, अशी सूचना मी केली आहे. तिच्यावर ज्येष्ठांनी घेतलेला आक्षेप गंभीर आहे. श्रावकाला वर्ज्य अशा पंधरा कर्मादानांत पहिलेच अंगारकर्म. मग मुलांच्या हाती आपणच अग्नी व लोखंड का द्यावे?

परंतु कर्मादाने उपजीविकेच्या धंद्यांविषयी आहेत, विद्येविषयी नव्हेत. भगवान ऋषभदेवांनी प्रजेला असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही षट्कर्मे शिकविली, असे आचार्य जिनसेनांचे आदिपुराण सांगते. श्वेतांबर परंपरेतील पाच मूळ शिल्पांत तर लोहाराचेही शिल्प आहे. आपण वाणिज्य जपले, शिल्प विसरलो. वागळे इस्टेट आणि डोंबिवली एमआयडीसीतील कारखान्यांना पोलाद विकणारे आपल्यात आहेत. कानस कशी धरावी हे त्यांच्या मुलांना मात्र ठाऊक नसते.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम स्थापन केला. तेथे घडलेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुले-मुली शेती, आरोग्य, वीज यांबरोबर पत्राकाम व वेल्डिंग शिकतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकण्याची कल्पना मांडली आहे. दहा दिवस थोडेच, पण दार तरी उघडले.

आपल्या मुलांनी प्रथम केराची सुपली करावी. गुण्या लावून पत्र्यावर आखणी, कात्रीने कापणी, मग कडा मुडपणे. कड का मुडपायची? हात कापू नये म्हणून, हे मूल लगेच सांगते. मुडपल्याने पातळ पत्रा ताठ होतो, हे करून पाहिल्यावरच उमगते. कानस पुढे जाताना कापते. परत आणताना दाब दिल्यास तिचे दाते झिजतात. पाहून, बेताने, हात आवरून काम करणे यालाच आपण जयणा म्हणतो. तिचा असा रोजचा सराव अन्य कोणत्या तासाला होतो?

पहिल्या वर्षी भट्टी नकोच. चार भक्कम बाके, प्रत्येकावर दोन व्हाइस, कानशी, कात्र्या, संरक्षक चष्मे आणि एका वेळी सोळाच विद्यार्थी. डाग देण्याचे काम दुसऱ्या वर्षी, विजेच्या सोल्डरिंगने, शिक्षक शेजारी उभे असताना. तळमजल्यावरील कोठार रिकामे आहे. पुढील सभेत विश्वस्तांनी ते या कामी द्यावे, एवढीच विनंती. जय जिनेंद्र!