क्रमांकाच्या मोहात सापडलेली खंजिरी

(बार्शीटाकळी येथे भजनी मंडळांसमोर झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



वऱ्हाडाला खंजिरीचा परिचय करून देण्याची आवश्यकता नाही. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे १९०९ साली जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी याच वाद्याच्या साथीने गावोगावी जागृती केली. १९४२ च्या आंदोलनात इंग्रज सरकारने त्यांना तुरुंगात टाकले. एका भजनगायकाची सत्तेला धास्ती वाटली, कारण त्याच्यामागे सारे गाव गात होते.

आज विदर्भात ठिकठिकाणी खंजिरी भजनाच्या स्पर्धा भरतात. त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. तरुणांची व महिलांची मंडळे त्यांमुळे पुढे आली, तालासुराची शिस्त वाढली. परंतु क्रमांकाचा मोह शिरला की मंडळाचा स्वभावच पालटतो. परीक्षकांपुढे मोजक्या मिनिटांत गायची म्हणून तीच दोन भजने वर्षभर घोटली जातात. थकलेल्या गळ्याचे वृद्ध झीलकरी बाजूला बसवले जातात. ताल चुकणाऱ्या मुलाला ‘पुढच्या वर्षी बघू’ असे उत्तर मिळते आणि बाहेरगावचा तयार गायक मानधन देऊन आणला जातो. ढाल गावात येते. साप्ताहिक भजनाला मात्र माणसे उरत नाहीत. निकालावरून रुसलेली मंडळे पुढे एकमेकांच्या सप्ताहाला जात नाहीत. ज्या खंजिरीने गाव एकत्र बसवले, तिच्याच निमित्ताने गावात दोन तट पडावेत, याहून मोठा पराभव कोणता?

शेगावहून पंढरपूरला जाणारी श्री गजानन महाराजांची पालखी अकोला जिल्ह्यातूनच पुढे सरकते. त्या टाळकऱ्यांत पहिला-दुसरा कोणी नसतो. शाखेतील सांघिक गीतातही कच्च्या गळ्याला स्थान असते. सर्वांसोबत गाता गाताच तो सुरात येतो. संस्काराची रीत हीच आहे.

म्हणून स्पर्धेऐवजी भजन संमेलने भरवावीत. प्रत्येक मंडळाला सारखा वेळ व सारखा सन्मान मिळावा. जाणकारांनी गुण देण्याऐवजी उणिवा आपुलकीने समजावून द्याव्यात. बक्षिसाच्या रकमेतून खंजिऱ्या, टाळ व मुलांचे वर्ग उभे राहावेत. स्पर्धा घ्यायचीच असेल, तर गायक गावातलाच असावा आणि मंडळाचे भजन वर्षभर चालू असावे, एवढी अट तरी घालावी.

मंडळाची खरी परीक्षा स्पर्धेच्या मांडवात होत नाही. स्पर्धा संपल्यानंतरच्या आठवड्यात देवळात किती माणसे भजनाला बसली, यावर ती होते.